बावखल बुजते तेव्हा

विरार स्थानकाच्या पश्चिमेस उतरून आगाशी येथील श्री मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू बोळिंजवरून पुढे जातो. काही दशकांपूर्वी या वाटेच्या दुतर्फा भाताची खाचरे आणि त्यांच्या पलीकडे केळी-नारळीच्या वाड्या दिसत. आज त्याच वाटेवर म्हाडाची मोठी वसाहत, उंच इमारती, बँकांच्या शाखा आणि कपड्यांची, दागिन्यांची, किराण्याची दुकाने आहेत. त्यांतील कित्येक दुकाने आपल्याच समाजातील कुटुंबांची आहेत. एखाद्या इमारतीच्या मागील बाजूस अजूनही पाच-पंचवीस नारळाची झाडे उभी असतात आणि त्यांच्या सावलीत हिरवट पाण्याचा एक मोठा खड्डा असतो. अनोळखी माणसाला ते डबके वाटते. त्याचे खरे नाव बावखल.

बावखल म्हणजे वाडीत खणलेले उघडे जलाशय. विहीर उभी आणि अरुंद असते. बावखल पसरट असते आणि त्याच्या कडा उतरत्या असतात. पावसाळ्यात ते तुडुंब भरते, आणि पुढे कित्येक महिने भोवतालच्या वाळूतून पाझरणारे पाणी त्यात येत राहते. पूर्वी त्याच्या काठी रहाट फिरे आणि पाटाने पाणी केळीच्या बुंध्यापर्यंत जाई. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की तळाचा काळा गाळ काढून झाडांना घालीत. बेडूक, चतुर, मासे, खंड्या पक्षी आणि काठावरची अळू-केळ असे एक भरलेले घरच त्या खड्ड्याभोवती नांदत असे. वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यात अशी बावखले वाडीवाडीत होती. त्यांतील पुष्कळशी आता मुरूम आणि राडारोडा टाकून बुजवली गेली आहेत, आणि उरलेली बुजवली जाण्याच्या वाटेवर आहेत.

बावखल बुजल्याने नेमके काय जाते, हे समजण्यासाठी या भूमीची घडण पाहावी लागते. वसईचा हा पट्टा एकेकाळी बेटच होता. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणेचे मुख, दक्षिणेस वसईची खाडी आणि पूर्वेस सोपाऱ्याची खाडी. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये जेथील स्तूपाचे उत्खनन केले, ते सोपारा प्राचीन काळी पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. ज्या खाडीतून तेथे गलबते येत, ती गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडले. बोळिंजच्या आसपासची जमीन म्हणजे समुद्राने आणून टाकलेल्या वाळूचे लांबट उंचवटे आणि त्यांच्या मधला सखल, चिकण गाळ. उंचवट्यावर वाडी व वस्ती, सखल भागात भात आणि खाडीच्या कडेला खाजण, मिठागरे व तिवरांची झाडी, अशी पूर्वजांनी जमिनीची वाटणी केली होती. कोणत्या मातीवर काय करावे आणि काय करू नये, याचे ते ज्ञान होते.

या वाळूच्या उंचवट्यांखाली एक नाजूक व्यवस्था आहे. पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित हलके असते. ते वाळूतून खाली उतरते, पण खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळून जात नाही. त्याच्यावर तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन या डच अभियंत्याने आणि १९०१ मध्ये हर्ट्झबर्ग या जर्मन अभियंत्याने या समतोलाचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते, असा त्याचा ढोबळ नियम आहे. याचा व्यवहारातील अर्थ व्यापारी माणसास चटकन कळेल. वरची पातळी एक फूट उतरली तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. तोटा एका फुटाचा दिसतो, आणि प्रत्यक्षात तो चाळीसपट असतो.

या गोड्या पाण्यावर जी माती उभी राहिली, ती केवळ वाळू नव्हती. नुसत्या वाळूत केळीचा घड धरत नाही. पिढ्यानपिढ्या पडलेला पालापाचोळा, शेणखत, एरंडीची पेंड आणि बावखलाचा गाळ यांमुळे त्या वाळूत जीवसृष्टी वसली. गांडुळे पाने जमिनीत ओढून नेतात आणि माती पोटातून फिरवून वर आणून टाकतात. चार्ल्स डार्विन यांनी आयुष्यातील शेवटचे पुस्तक गांडुळांवरच लिहिले. १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात त्यांनी असे अनुमान मांडले की, इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरामागे दरवर्षी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते. गांडुळांखेरीज डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीवाणू आणि बुरशीचे तंतू तेथे असतात. बुरशीचे तंतू झाडाच्या मुळांना जोडले जातात, मुळे जेथे पोचत नाहीत तेथून स्फुरद आणून देतात आणि त्याच्या बदल्यात झाडाने पानांत तयार केलेली साखर घेतात. पानमळ्यात आधाराला लावल्या जाणाऱ्या पांगारा आणि शेवरी या झाडांच्या मुळांवर गाठी असतात; त्यांतील जीवाणू हवेतील नत्र मातीत आणतात. झाडाला वाढवणारी ही सर्व मंडळी मातीतच राहते.

आता खारे पाणी वर आले की काय होते, ते पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. विहिरीच्या शंभर भाग पाण्यात समुद्राचे केवळ दोन भाग मिसळले, तरी लिटरमागे ७०० मिलिग्रॅम क्षार वाढतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ठरवलेली इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे. असे पाणी वाडीला दिले की पाणी हवेत उडून जाते आणि मीठ मातीत राहते. मातीत मीठ वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे अवघड होते. जमीन ओली असते, पण झाड तहानलेले राहते. केळीच्या पानांच्या कडा करपतात, पानवेल खंगते. गांडुळे कमी होतात. नत्राचे रूपांतर करणारे कित्येक जीवाणू मंदावतात. नारळ पुष्कळ सोसतो, म्हणून तो शेवटपर्यंत उभा राहतो. त्यामुळेच अनेक जुन्या वाड्यांत आज केवळ नारळ दिसतात आणि पाहणाऱ्यास वाडी हिरवी वाटते. खाडीकाठचे तिवर हे पानांवाटे मीठ बाहेर टाकतात आणि चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेतात. त्यांनी खाऱ्या जमिनीशी जुळवून घेण्याची विद्या हजारो पिढ्यांत साधली आहे. केळीला ती विद्या नाही, आणि चार-दोन वर्षांत ती येणारही नाही.

तरीही निसर्गाने येथे एक सोय ठेवली आहे. रेताड मातीत मीठ लवकर शिरते, तसे ते लवकर धुऊनही जाते. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो जमिनीत मुरला तर वर्षभर साचलेले मीठ खाली जाते, गोड्या पाण्याची पातळी पुन्हा वाढते, आणि खारे पाणी मागे हटते. वाडीचा वार्षिक हिशेब असा दर पावसाळ्यात पूर्ण होत असे. त्यासाठी दोनच अटी होत्या. उपसा भरण्यापेक्षा अधिक नसावा आणि पाण्याला जमिनीत उतरण्यासाठी उघडी जागा असावी.

या दोन्ही अटी गेल्या अर्धशतकात मोडल्या. रहाट दिवसभरात जितके पाणी काढी, तितके इंजिनाचा आणि विजेचा पंप थोड्या वेळात काढू लागला. पुढे विरार-नालासोपाऱ्याकडे वस्ती वेगाने वाढली तेव्हा वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने बांधकामांना आणि इमारतींना जाऊ लागले. वाडीवाल्यास केळीपेक्षा पाण्याचे पैसे लवकर मिळत. त्यासाठी मेहनतही नव्हती. त्याला दोष देणे सोपे आहे, परंतु बाजारभाव त्याला तेच सांगत होता. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी खारट झाले, तेव्हा लोकांच्या लक्षात आले की खालचे पाणी सातबाऱ्याच्या हद्दी ओळखत नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस या प्रदेशात हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. त्याचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. ते जवळच्याच नंदाखाल गावचे. पुढे ते उस्मानाबाद येथे २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. टँकरने होणारा पाण्याचा उपसा आणि हरित पट्ट्यावरील अनिर्बंध बांधकाम, या दोन्हींना त्या आंदोलनाने विरोध केला. त्यात वाडवळ, सामवेदी, कुपारी असे निरनिराळ्या समाजांचे आणि धर्मांचे लोक एकत्र आले. पश्चिम पट्ट्यात आज जी हिरवळ टिकून आहे, तिच्यात त्या लढ्याचा वाटा आहे.

व्यापारी कुटुंबांनी या प्रश्नाकडे परका म्हणून पाहू नये. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली वसईची सुकेळी मुंबईच्या बाजारात गेली, पान आणि फुले रेल्वेने गेली, वाडीला पेंड आणि खत दुकानातून आले. माती नांगरणारा हात दुसऱ्याचा होता, पण त्या मातीच्या उत्पन्नावर पेढ्याही चालत होत्या. आज त्याच भागात जमीन खरेदी करणारे, इमारतीत भांडवल घालणारे, दुकानाचे गाळे घेणारे अशा अनेक नात्यांनी ही कुटुंबे भूमीशी जोडलेली आहेत. एखाद्या वाडीचा व्यवहार ठरतो तेव्हा सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, रस्त्याची रुंदी आणि चटईक्षेत्र यांची बारकाईने चौकशी होते. बावखलाचा उल्लेख आला तर तो भरावाचा खर्च म्हणून येतो.

तो खरोखर खर्च आहे का, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. दोन हजार मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर दोन लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ते वीस टँकर होतात. पाच गुंठ्यांचे आणि सरासरी तीन मीटर खोलीचे बावखल एका वेळी सुमारे पंधरा लाख लिटर पाणी धरते, म्हणजे दीडशे टँकर. हे केवळ साठ्याचे झाले. पावसाळाभर त्यातून जे पाणी जमिनीत उतरते आणि खाऱ्या पाण्याला खाली दाबून ठेवते, त्याची किंमत यात धरलेलीच नाही. अतिवृष्टीच्या दिवशी तेच बावखल आणि तीच भाताची खाचरे पाणी पोटात घेत. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला आणि मिठागरातील वस्तीतील लोकांची सुटका करावी लागली, ते अनेकांच्या स्मरणात असेल. सखल जमिनीवर भराव पडला की पाणी नाहीसे होत नाही; ते शेजारच्या तळमजल्यावर आणि दुकानांच्या गाळ्यांत जाते.

येथे कोणी म्हणेल, की आता सूर्येचे पाणी आले आहे, मग विहिरीची आणि बावखलाची चिंता कशाला? मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना दररोज ४०३ दशलक्ष लिटरची आहे. त्यांपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आहेत, आणि २०२३ च्या अखेरीपासून ते पाणी येऊ लागले. बोळिंजच्या नव्या वसाहतींना त्याचा मोठा आधार झाला, हे खरे आहे. परंतु ते पाणी धामणीच्या धरणातून येते. त्या धरणाकडे डहाणू, विक्रमगड, पालघर भागातील शेतकरी, विशेषतः आदिवासी शेतकरी, सिंचनासाठी पाहत आला आहे. आपल्या अंगणात पडलेला पाऊस गटारात सोडायचा आणि दुसऱ्याच्या शेतावरचे पाणी नळाने आणायचे, हा व्यवहार कायद्याने योग्य असला, तरी त्याचे ओझे कोणावर पडते हे विसरू नये. शिवाय नळाचे पाणी वाडीतील गांडुळांना आणि नारळाच्या मुळांना मिळत नाही. त्यांचे जगणे खालच्या पाण्यावरच आहे.

जैन श्रावकास हा विषय नवा वाटू नये. षट्कायांमध्ये पृथ्वीकाय आणि अप्काय हे पहिले दोन आहेत. श्रावकाच्या सातव्या व्रतात जे पंधरा कर्मादान वर्ज्य सांगितले, त्यांत भूमी फोडण्याचे स्फोटककर्म आहे, त्याचप्रमाणे सरोवर, द्रह आणि तडाग यांचे शोषण करणे हेही आहे. पहिल्या नियमामुळे आपल्या पूर्वजांपैकी अनेकांनी नांगर सोडून तराजू हाती घेतला, असे घराघरांतून अभिमानाने सांगितले जाते. दुसऱ्या नियमाची आठवण मात्र तितकी होत नाही. तलावातील पाणी आटवले किंवा तलाव मातीने भरला, तरी त्यातील जीवांच्या दृष्टीने परिणाम एकच. हा व्यवसाय शास्त्रकारांनी नाव घेऊन वर्ज्य सांगितला, त्या अर्थी तळी बुजवून नफा मिळवण्याचा मोह त्या काळीही असला पाहिजे.

जीवहिंसा कमी होईल आणि हिशेबही जमेल, अशी वाट असते का? या किनाऱ्यावरच त्याचे उदाहरण आहे. पालघर जिल्ह्याची उत्तर हद्द ओलांडली की गुजरातच्या उंबरगाव तालुक्यात देहरी हे गाव लागते. तेथील भास्कर सावे यांचा जन्म १९२२ चा, वाडवळ समाजातला. तरुणपणी ते रासायनिक खते वापरून उत्तम पीक काढणारे आदर्श शेतकरी म्हणून ओळखले जात आणि खताची एजन्सीही त्यांच्याकडे होती. पुढे त्यांनी आपलाच जमाखर्च तपासला. खत, पाणी आणि औषधे यांचा खर्च वाढत होता आणि नफा त्यात विरघळत होता. त्यांनी हळूहळू रसायने सोडली. झाडांना बुंध्याशी पाणी न देता काही अंतरावरील चरांत ते सोडले, गळालेली पाने जमिनीवरच राहू दिली, आणि माती भुसभुशीत करण्याचे काम गांडुळांकडे सोपवले. चिकू आणि नारळ यांची त्यांची ‘कल्पवृक्ष’ ही वाडी पुढे दूरदूरच्या लोकांनी येऊन पाहिली. जपानचे मासानोबू फुकुओका हेही तेथे आले होते. २०१५ मध्ये सावे यांचे निधन झाले. हाती आलेली एजन्सी सोडून स्वतःचा जमाखर्च पुन्हा मांडण्याची त्यांची तयारी व्यापारी वाचकाने विशेष लक्षात घ्यावी.

बोळिंजमधील प्रत्येक कुटुंबास वाडी नाही. पण प्रत्येकाच्या हाती काही ना काही आहे. ज्यांच्या भागीदारीत जमिनीचा व्यवहार असेल, त्यांनी नकाशा तयार होण्यापूर्वी बावखल पाहावे आणि वास्तुविशारदास ते मोकळ्या जागेत धरण्यास सांगावे. उद्यान म्हणून काही जागा सोडावीच लागते. तेथे कृत्रिम कारंजे करण्याऐवजी बावखल राहू शकते. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था राज्याच्या विकास नियंत्रण नियमांनुसार बंधनकारक आहे. अनेक सोसायट्यांत ती कागदावर असते आणि तिचा खड्डा गाळाने भरलेला असतो. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवरून, वाया जाणारे वीस टक्के वजा केले तरी, वर्षाला आठ लाख लिटर पाणी जमिनीत सोडता येते. वैशाखात तो खड्डा साफ करून घेण्याचा खर्च सोसायटीच्या वार्षिक हिशेबात सहज बसतो.

सोसायटीच्या विहिरीतील किंवा कूपनलिकेतील पाण्याचे क्षार मोजण्याचे छोटे यंत्र थोड्या पैशांत मिळते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आकडा वहीत लिहून ठेवावा. दोन-तीन वर्षांची नोंद झाली की पाणी गोड होत आहे की खारे, हे वादाशिवाय कळते. आवारातील झाडांच्या बुंध्याभोवती निदान चार फूट जागा फरशीविना मोकळी ठेवावी. स्वयंपाकघरातील भाजीच्या देठांपासून आणि मंदिरातील फुलांपासून खत करताना जीवोत्पत्तीची शंका श्राविकांच्या मनात येते आणि ती रास्त आहे. ओला कचरा उघडा कुजू दिला तर अळ्या होतातच. प्रत्येक थरावर दुप्पट सुका पाला घातला, ओल बेताची ठेवली आणि डबा झाकून ठेवला, तर ही जीवोत्पत्ती पुष्कळ टाळता येते. तोच कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कचराभूमीवर पाठवला, तर तेथे होणारी विराधना आपल्या नजरेआड असते, एवढाच फरक. जयणा पाळायची ती नजरेपुरती नाही.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागितली जाते. त्या गणनेत सर्वप्रथम सात लाख पृथ्वीकाय येतात आणि त्यांच्यामागून सात लाख अप्काय. लहान मुलांनाही हा क्रम पाठ असतो. यंदा पर्युषणात बोळिंजच्या वाटेने आगाशीस जाताना, पावसाने भरलेले एखादे बावखल दिसले तर मुलांना तेथे क्षणभर थांबवावे. पाण्यात बेडूक असतील, काठच्या मातीवर गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या असतील. ज्यांची क्षमा मागायची ते जीव कोठे राहतात, हे मुलांनी एकदा पाहिलेले बरे. पुढे एखाद्या व्यवहाराच्या कागदावर सही करताना ती जागा त्यांना आठवेल.